गोळी कुठे गेली ते आधी सांग

दीदींबद्दल आधी लिहितो, मग बाकीचं. त्या नसत्या तर लिहिण्यासारखं काही घडलंच नसतं. नाव लिहीत नाही. "नाव टाकशील तर मी वाचणारच नाही," असं त्यांनी बजावलं आहे. वय पासष्टच्या पुढे, केस बारीक कापलेले, डोक्यावर कापडी टोपी. शाळेत खेळ शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरकडून रायपूरला आले आणि इथलेच झाले. पुरानी बस्तीत घर आहे. तीन पिढ्या इथे काढूनही घरातली मराठी त्यांनी टिकवली. तिच्यात हिंदी किती आणि छत्तीसगढी किती, ते मोजत बसू नये. माझा अर्ज त्यांनी भरला, रायफल कशी धरायची ते त्यांनी शिकवलं, आणि ज्या दिवशी मला रेंजवरून कायमचं घालवता आलं असतं त्या दिवशी त्यांनी घालवलं नाही. त्यांनी केलेली मदत ती ही.

मी वेल्डर आहे. गाव वाशीम जिल्ह्यात. सातवीनंतर शाळा सोडली. लोकांना वाटतं घरची काही मोठी अडचण असेल. तसं नव्हतं. आठवी दुसऱ्या गावात होती आणि नव्या वर्गात उभं राहून नाव सांगायची मला भीती वाटत होती. आईने आठ दिवस समजावलं, मग सोडून दिलं. पुढे काकांच्या ओळखीने एका ठेकेदारासोबत रायपूरला आलो, गेट-ग्रील बनवता बनवता तेरा वर्षं झाली. भीती मात्र गावाहून सोबत आली ती अजून सोबतच आहे. फोन वाजला तर उचलायच्या आधी काय चुकलं ते आठवतो. साहेबाने "जरा इकडे ये" म्हटलं की मी आधी माफी मागतो, कारण नंतर विचारतो.

नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांच्या पलीकडे, जिथे बस जातच नाही, तिथे मुरुमाची एक जुनी खाण आहे. खाण बंद झाल्यावर एका रायफल क्लबने ती घेतली. मागे तीन मजली उंच लाल कडा, म्हणजे गोळी अडवायला देवानेच भिंत घातलेली. तिथल्या लाकडी चौकटी पावसात सडल्या म्हणून लोखंडी करायचं काम मला मिळालं. मी पन्नास मीटरच्या ओळीवर बसून टाके मारत होतो. एक बाई मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. मला वाटलं, काही चुकलं.

"काहून रे बाबू, टाका मारताना श्वास सोडून थांबतो का तू?"

तेरा वर्षांत कामाच्या जागी कोणाच्या तोंडून गावाकडचं 'काहून' ऐकलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. "माहीत नाही दीदी. काही चुकलं का?"

"चुकलं नाही. हात नाही हालत तुझा. संध्याकाळी काम झालं की एकदा रायफल घेऊन चटईवर झोपून पाह्य."

असा मी नेमबाजीत आलो. अर्जावर शिक्षणाचा रकाना आला तेव्हा मी तो सोडून द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "सोडून देऊ तर पोलीस चौकशीत तेच विचारतील. सातवी पास लिहू की नापास?"

"पास. आठवीत गेलोच नाही."

"मंग झालं तर. सातवी पास." आणि खाली शिफारस करणाऱ्याच्या जागी स्वतःची सही केली.

क्लबच्या रायफली होत्या, दीदींच्या नजरेखाली चालवायच्या. आधी पन्नास मीटर, मग शंभर. वेगवेगळे लक्ष्यकागद त्या लावायला लावायच्या, आणि प्रत्येक कागद वेगळी खोड उघडी पाडायचा. रिंगांचा नेहमीचा कागद तर होताच. एका कागदावर फक्त एक उभी रेघ. रायफल हातात थोडी जरी कलली तरी छिद्रं रेघेपासून बाजूला सरकत जायची. एकावर चार लहान ठिपके, प्रत्येकी एकच गोळी, दुसरी संधी नाही. आणि एक अगदी कोरा. कोऱ्या कागदावर मधोमध कुठे ते तुम्हीच ठरवायचं आणि पाचही गोळ्या तिथे जमवायच्या. मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती. वाऱ्यासाठी गोल बाजारातून आणलेल्या साटीनच्या फिती खांबांना बांधल्या होत्या. दीदी फितींकडे बघायच्या, पण जास्त भरवसा जमिनीवरून उठणाऱ्या झळांवर ठेवायच्या. झळा ज्या बाजूला वाहतात तिकडे वारा, सरळ वर उकळतात तेव्हा वारा नाही. एप्रिलमध्ये शंभर मीटरवरचा कागद पाण्यात बुडाल्यासारखा हलायचा.

पण त्यांचा खरा नियम वेगळा होता. गोळी सुटली की दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. आधी बोलायचं. कागद म्हणजे घड्याळाची तबकडी समजून वेळ आणि रिंग. "चार वाजता, नऊ" म्हणजे गोळी उजवीकडे थोडी खाली, नऊच्या रिंगमध्ये; अगदी मधली रिंग दहाची. "सात वाजता, आठ" म्हणजे डावीकडे खाली. चाप दाबला त्या क्षणी रायफलवरचा नेमाचा काटा कुठे होता हे नेमबाजाला माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्या तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून बघायच्या आणि वहीत दोन गोष्टी लिहायच्या: काय बोलला, काय निघालं. तीनशे मीटरच्या ओळीवर कोणाला जाऊ द्यायचं हे त्यांच्या हातात होतं, आणि त्यासाठी नेम किती चांगला हे त्या बघतच नसत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहा गोळ्या. दहातल्या आठ वेळा बोलणं आणि छिद्र जुळलं पाहिजे. नेम वाईट असला तरी चालेल, तो वाईट आहे हे माहीत हवं.

मला तीनशेवर जायचं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. इतक्या लांबचं काही मी आयुष्यात कधी मुद्दाम ठरवून केलं नव्हतं, एवढंच.

तीन महिने मी नापास झालो. पाच, चार, सहा. तिसऱ्या वेळी दीदींनी वही माझ्यापुढे धरली.

"वाच."

मी वाचलं. मी बोललो ते बहुतेक सगळं "सात वाजता, आठ", "सात वाजता, सात". निघालं ते नऊ, दहा, दहा, नऊ.

"काय दिसून राहिलं?"

"माझं चुकतं, दीदी."

"तुझा नेम चांगला लागून राहिला अन् तू खोटं बोलून राहिला. रोज डाव्या पायथ्याशी काहून पाठवतो बिचाऱ्या गोळीला?"

खरं कारण मला माहीत होतं. वाईट गेली म्हटलं आणि चांगली निघाली तर कोणी हसत नाही. चांगली गेली म्हटलं आणि वाईट निघाली तर हसतात. शाळेतही निकालाच्या आधी मी सगळ्यांना नापास होणार म्हणून सांगून ठेवायचो. त्याला मी स्वतः नम्रपणा समजत होतो.

शेजारच्या चटईवरून डॉक्टर म्हणाले, "दीदी, इनको गोली नहीं, एक आईना दो." हे डॉक्टर दातांचे. त्यांचे वडीलही अमरावतीकडचे. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. रविवारी ते आणि मी बहुतेक शेजारी असायचो. दात काढायच्या कामात माणूस सारखा दुसऱ्याचं ओरडणं ऐकतो, म्हणून इथे येऊन बरं वाटतं, असं ते सांगायचे.

पावसाळा संपला तेव्हा क्लबने पोलादी प्लेटी मागवल्या. कागदाला छिद्र पडतं, ते बघायला दुर्बीण लागते. प्लेटला गोळी लागली की आवाज येतो. दोन प्लेटी शंभरवर आणि दोन तीनशेवर लावायच्या होत्या. काम अर्थात माझं. दीदी त्या वेळी मुलीच्या बाळंतपणासाठी भिलाईला गेल्या होत्या. प्लेटींच्या खोक्यात इंग्रजी छापलेला एक कागद होता. मी तो उलटसुलट करून बघितला, एक चित्र होतं, ते नीट कळलं नाही, घडी करून खिशात ठेवला. कोणाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. डॉक्टरांना दाखवता आला असता. पण वेल्डरने प्लेट कशी बसवायची हे दातांच्या डॉक्टरला विचारायचं, हे मला जमेना. आणि लोखंडाच्या बाबतीत मी कधी घाबरत नाही. तेवढी एकच जागा आहे.

प्लेटला वरच्या बाजूला दोन भोकं होती. उचलण्यासाठी असतील, असं समजलो. शंभरवरच्या दोन्ही प्लेटी मी अँगलच्या चौकटीत सरळ उभ्या बसवल्या, चारी बाजूंनी पक्का टाका, मागून आधार. हत्तीने धक्का दिला तरी हलणार नाही. पांढरा रंग मारला. तीनशेच्या दोन पुढच्या आठवड्यासाठी ठेवल्या.

दीदी परत आल्या तो रविवार मला नीट आठवतो. मी चटईमागे उभा होतो, कौतुकाची वाट बघत. पहिल्यांदा डॉक्टर मारणार होते, मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड गोळीच्या रायफलने. सगळ्यांनी चष्मे घातले होते, कानात बोळे. गोळी सुटली. डॉक्टरांचं "बारह बजे" पुरं होण्याआधीच प्लेटवरून आवाज आला: ठक्.

दीदींनी दुर्बिणीवरून डोकं उचललं. "आवाज मेलेला काहून आला?" आणि लगेच, "थांबा, थांबा."

डॉक्टरांचं बोट तेव्हा चापावर दाबलं गेलंच होतं. दुसरी गोळी गेली आणि पुढच्या क्षणी ते "आह" करून कुशीवर वळले. डाव्या हाताच्या कोपराखाली रक्त होतं. चटईवर गोळीच्या तांब्याच्या आवरणाचा नखाएवढा चुरगळलेला तुकडा पडला होता. शंभर मीटरवरून परत आलेला.

रायफल रिकामी केली, बोल्ट उघडे ठेवले, लाल झेंडा वर केला. जखम खोल नव्हती. क्लबचे सचिव धावत आले. हे निवृत्त सरकारी अधिकारी, स्वच्छ कपड्यांचे. डॉक्टर हाताला रुमाल गुंडाळत त्यांना म्हणाले, "कारतूस पुराना था. इस डिब्बे में पहले भी गड़बड़ हुई थी." सचिवांनी मान हलवली. ते उत्तर सगळ्यांना पटण्यासारखं होतं. मी मध्ये काही बोललो नसतो तर ते तसंच राहिलं असतं.

आम्ही चालत प्लेटपर्यंत गेलो. मला दहा पावलं आधीच दिसलं. वरच्या टाक्याजवळ अंगठा बसेल एवढा खड्डा पडला होता आणि त्याच्याभोवती निळसर जांभळं कडं होतं. पांढऱ्या रंगाखालून ते डोकावत होतं. ती प्लेट कारखान्यातच पाणी देऊन कडक केलेली होती. मी टाका मारताना तिला इतकी तापवली की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं. कडक पोलादावर गोळी चुरा होऊन खाली पडते. मऊ जागेत ती रुतते, वाटी करते आणि वाटीतून तुकडे आले त्या वाटेने परत फिरतात. त्यात प्लेट घट्ट आणि सरळ उभी. लोखंड तापवून पोट भरणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवायला नको होतं.

माफी तोंडात आलीच होती, पण नुसत्या माफीने कोणाला काही कळलं नसतं.

"काडतूस चांगलं आहे," मी म्हटलं. "माझ्या टाक्यानं प्लेट मऊ झाली. इथे. हे निळं दिसतं ना, इथे."

दीदी वाकून त्या कड्यावर बोट फिरवत होत्या.

"संगं काही कागद आला होता?"

मी खिशातून काढून दिला. घडीच्या जागी तो फाटायला आला होता.

"वाचला नाही?"

"इंग्रजी आहे."

"मले फोन काहून नाही केला?"

"तुमच्या घरी बाळंतपण होतं." मग म्हटलं, "लाज वाटली, दीदी."

"लाज वाटली." त्या सरळ उभ्या राहिल्या. "हाताच्या जागी चष्म्याच्या कडेतून डोळ्यात गेला असता तर कोणाची लाज काढली असती मी? माझी सही आहे तुझ्या कागदावर."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. परत येताना सचिव त्यांना सांगत होते, सदस्यत्व थांबवावं लागेल, क्लबच्या नावाचा प्रश्न आहे. मी चार पावलं मागे होतो, सगळं ऐकू येत होतं. दीदी म्हणाल्या, "थांबवा ना. पण आज कारतूस खराब म्हणून डबा फेकला असता अन् पुढच्या रविवारी पुन्हा त्याच प्लेटसमोर पोरं झोपली असती. कोणी बोललं म्हणून कळलं. महिनाअखेर त्याची परीक्षा आहे. ती होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तसं."

सचिव म्हणाले, "अगर फेल हुआ तो?"

"तो आप रजिस्टर से काट देना. मैं कुछ नहीं बोलूँगी."

त्या दुपारी आम्ही दोघं शेडमध्ये बसून तो कागद वाचला. त्या इंग्रजी वाचायच्या, मी मराठीत सांगायचो काय असेल ते, चुकलं तर त्या सुधारायच्या. लटकवा, साखळीने. वरची कड पुढे झुकलेली ठेवा. टाका मारू नका. टाका मारू नका हे जाड अक्षरात होतं. चित्रात साखळीच होती. मी तिला मोजमापाची रेघ समजलो होतो. पुढच्या आठवड्यात शंभरवरच्या दोन्ही प्लेटी कापून भंगारात टाकल्या आणि तीनशेवरच्या दोन साखळीला बोल्टने अडकवल्या, जरा पुढे वाकलेल्या. बोटाने ढकललं की झुलत होत्या. आयुष्यभर लोखंड हलता कामा नये म्हणून खपलो, त्यामुळे ते झुलणं बघून मला उगीच अस्वस्थ वाटायचं.

त्या पंधरा दिवसांत आईचा फोन आला. "काय करून राहिला रविवारचा?" विचारलं. आईला रायफलीचं कधी सांगितलंच नव्हतं, घाबरेल म्हणून. त्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "तू? तुले तर दिवाळीच्या फटाक्याचं भेव वाटत होतं."

शेवटच्या रविवारी वारा होता, फिती अर्ध्या उचललेल्या. साधा रिंगांचा कागद, शंभर मीटर, दहा गोळ्या. सचिव खुर्चीत बसले होते. दीदी म्हणाल्या, मी आज दुर्बिणीवर बसणार नाही, माझी सही आहे, कोणी म्हणेल वाढवून सांगितलं. डॉक्टरांनी दुर्बीण घेतली. हातावर अजून पट्टी होती.

पहिली गोळी. तोंडावर "सात वाजता" आलं. मी थांबलो. काटा कुठे होता ते खरंच आठवून बघितलं. तो उजवीकडे सुटताना मला दिसला होता.

"तीन वाजता, आठ."

डॉक्टरांनी बघितलं. "तीन बजे, आठ."

दुसरी जुळली, तिसरी जुळली. चौथी मी मध्ये म्हटली, ती अकरा वाजता सात निघाली. वाऱ्याचा झोत मला कळलाच नव्हता. सचिवांनी पाय बदलला. आता एकच चूक परवडणार होती. पाचवी, सहावी, सातवी, आठवी जुळल्या. सातवी फार वाईट गेली, आणि मी तसंच सांगितलं: "सहा वाजता, पाच." ती तशीच होती. वाईट गोळीचं मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

नववीला वारा पडला, झळा सरळ वर उकळत होत्या, चाप कधी सुटला कळलंही नाही. काटा दहाच्या मधोमध होता. मला दिसला होता. पण ते बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर आपण चांगलं केलं असं म्हणायचं. सातवी पास माणसाने, कोणाचा तरी हात जखमी करून झाल्यावर.

"बोल ना बाबू," दीदी मागून म्हणाल्या.

"मध्ये. दहा."

डॉक्टर दुर्बिणीवर जास्तच वेळ थांबले. मुद्दाम थांबले असं आता वाटतं. "दस," ते म्हणाले. "मगर मेरे हाथ पर इससे अच्छा लगा था."

सचिवसुद्धा हसले. आठ जुळल्या होत्याच; दहावी जुळली की नाही हे आता मला आठवत नाही. दीदी म्हणतात जुळली.

सचिवांनी रजिस्टरमधून नाव कापलं नाही. एक अट घातली: प्लेट कुठलीही लावायची तर सोबतचा कागद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच हात लावायचा. आजही वाचतो. अडखळतो, ते सुधारतात, त्यांना त्यात मजा येते असं दिसतं.

तीनशेवर गेल्यावर कळलं की तिथे बोलायला वेळ ठरलेला आहे. गोळी जाते, प्लेटला लागते आणि तिचा टण् असा आवाज आपल्यापर्यंत यायला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्या फटीतच बोलायचं. आवाज आल्यावर बोललं तर ते बोलणं नाही. पहिल्या दिवशी त्या एका सेकंदात मी काहीच बोलू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी "डावीकडे" म्हटलं आणि आवाज आलाच नाही. डाव्या बाजूला मुरुमाची लाल धूळ उडाली. दीदींनी वहीत टिक केली.

त्या स्वतः आता मारत नाहीत. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना जमिनीवर पालथं झोपता येत नाही. हे मला फार उशिरा कळलं, तेही डॉक्टरांकडून. तीनशेची ती ओळ क्लबमध्ये सुरू करणाऱ्यांत त्या होत्या आणि ती तयार झाली तेव्हा त्यांचं झोपून मारणं संपलेलं होतं. बसून मारायचं जड टेबल असतं, बाहेरच्या रेंजवर असतं म्हणे. मी एक करून बघितलं. मुरुमावर ते डुगडुगलं. दुसरं केलं, ते इतकं जड झालं की चौघांना हलवेना. टेबलाचा कागद मागवला आहे, मापं आहेत त्याच्यावर, सचिवांसोबत अर्धा वाचून झाला.

दीदी, तुम्ही नको म्हणालात म्हणून नाव टाकलेलं नाही, तेव्हा हे वाचाल अशी आशा आहे. तुम्ही माझ्या कागदावर सही केली, आणि ती सही अडचणीत आली तरी मागे घेतली नाही. त्याची परतफेड कशी करतात मला माहीत नाही. टेबल करणं मला येतं. एक दिवस ते तीनशेच्या ओळीवर न हलता उभं राहील, तुम्ही खुर्चीत बसून रायफल खांद्याला लावाल आणि वहीत त्या दिवशी मी लिहीन. कधी, ते आज सांगता येत नाही. पण मी करीन.